स्वतःचं सोंग

कारभारी सांगळे याचं लंगडणं बंद झालं आणि त्याच्या अडचणी तिथून सुरू झाल्या.

ही गोष्ट अजून घडायची आहे, पण फार लांबची नाही. नाशकातल्या घंटागाड्या ड्रायव्हरवाचून फिरायला लागल्या आहेत आणि ओला कचरा कोणता, सुका कोणता यावरचं भांडण मात्र जुनंच आहे, त्या काळातली.

कारभारी द्वारका चौकातल्या उड्डाणपुलाखाली राहायचा. नावाने कारभारी असला, तरी त्याचा कारभार एका खांबापुरता. पूर्वी तो सेंट्रिंगच्या कामावर होता. स्लॅबवरून पडला, खुब्याचं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. बायको आधीच गेली होती; पाठोपाठ काम गेलं, मग भाड्याची खोली गेली. राहिला तो खांब.

पलीकडच्या खांबाला सोपान शेगर. हा बहुरूपी. खाकी डगला घालून बाजारपेठेत शिरायचा आणि दुकानदाराला दरडावायचा, "चला चौकीवर! तुमच्या म्हशीने आमच्या साहेबांच्या मेव्हण्याला डोळा मारला, तक्रार आली आहे!" लोक हसायचे, पैसे द्यायचे. मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि हसण्याची सोय तिथेच झाली. दोघांनी मिळून पाण्याचा एक कॅन ठेवला होता. तो भरून आणायची पाळी ठरलेली होती. पण सोपानच्या पाळीला नेमकी त्याला तालीम करायची असे, म्हणून नळावर कारभारीच जायचा. लंगडत.

बेघर माणसाला काय हवं, यावर बेघर माणूस सोडून सगळ्यांचं एकमत असतं. थंडीत पुलाखाली घोंगड्यांचा ढीग पडे, प्रत्येक घोंगडीबरोबर एक फोटो. उन्हाळ्यात पंखा द्यायला कोणी येत नसे, कारण पंखा देतानाचा फोटो चांगला येत नाही. अशात उभारी न्यास नावाच्या एका संस्थेने अचाट कल्पना काढली. या लोकांकडे पैसे नाहीत, तर त्यांना पैसेच द्यावेत. दर महिन्याला, थेट. आणि त्याचं काय केलं, हे विचारायचं नाही. "काही विचारायचं नाही" हा न्यासाचा पहिला नियम होता. दुसरा नियम करायची गरज पडली नव्हती.

पण द्यायचे कसे? नोटा झोपेत जातात. फोन त्याआधी जातो. बँकेला पत्ता लागतो, आणि खांबाला पिनकोड नसतो. अंगठा लावावा, तर सिमेंट कालवून रेघा पुसलेल्या. यावर न्यासातल्या ऋजुता देवधर या तरुण इंजिनिअर बाईने उपाय शोधला. जे चोरता येत नाही, हरवत नाही, आणि झोपेत तर नसतंच, ते वापरायचं. माणसाची चाल.

एसटी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो आणि पुढे निघून गेली की उतरतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ऋजुताने बनवलेल्या एका छोट्या डबीतून ऐकू न येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अगदी बारीक रेडिओलहरी निघत. त्या चालणाऱ्या माणसावर आपटून परत येत. पुढे झेपावणाऱ्या पावलावरून आलेली लहर चढी, मागे जाणाऱ्या हातावरून आलेली उतरती, धडावरून आलेली मधलीच. या सगळ्यांची मिळून एक नक्षी तयार होते. कमरेचा झोल, टाचेचा ठोका, खांद्याचा हेलकावा, यांचं जे मिश्रण आईने आणि आयुष्याने मिळून केलेलं असतं, ते दुसऱ्या कुणात सापडत नाही. ऋजुताने त्याला नाव दिलं, चालठसा.

डबी दुकानाच्या चौकटीवर बसवलेली असे. माणूस चालत आला की ती म्हणे, "राम राम, कारभारी!" आणि दुकानदार हवा तो माल किंवा रोख पैसे देई. त्याचे पैसे न्यास भरून देई. चाल हळूहळू बदलते, म्हातारपण येतं, हे यंत्राला ठाऊक होतं. ते प्रत्येक खेपेला आपला ठसा थोडा थोडा सुधारून घेई.

नोंदणीसाठी पट्ट्यावरून तीनदा चालायचं होतं. कारभारी चालला आणि पडद्यावर अशी ठसठशीत नक्षी उमटली, की ऋजुता खूश झाली. "काका, तुमच्यासारखी चाल लाखात नाही!"

लंगडण्याबद्दल कौतुक होण्याची कारभारीची ही पहिलीच वेळ.

"एक कळलं नाही," पडद्याकडे बघत ती म्हणाली. "दर थोड्या पावलांनी तुम्ही किंचित थांबता. उजवीकडे वळून मागे बघितल्यासारखं. खुबा दुखतो म्हणून का?"

"असंल," कारभारी म्हणाला. आपण थांबतो, हे त्यालाच माहीत नव्हतं.

मग सोपान चालला. पहिल्या खेपेला फौजदार. दुसऱ्या खेपेला दिवस भरलेली बाई. तिसऱ्या खेपेला हुंड्यावर रुसलेला वरबाप. पडद्यावर अक्षरं आली, तीन व्यक्ती आढळल्या.

"अहो काका, तुमची स्वतःची चाल चाला ना," ऋजुता हसत म्हणाली.

सोपानने खरोखर विचार केला. दोन पावलं टाकली. थांबला. पुन्हा टाकली.

"ती कशी असती, बाई?" त्याने विचारलं. तो विनोद करत नव्हता. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळे दुसऱ्यांच्याच चालीने चालत आले होते.

यंत्राने त्याला घेतलं नाही.

कारभारीला पैसे सुरू झाले. तो दारू पिईल असं काहींना वाटलं होतं, पान-तंबाखूत उडवील असं इतरांना. त्याने वडाळा नाक्याजवळ पत्र्याची एक खोली घेतली. सोपानला म्हणाला, "चल." सोपान म्हणाला, "भाड्यात माझा वाटा नाय." कारभारी म्हणाला, "पाणी भरत जा." सोपान लगेच आला. पाणी भरलं नाही.

खोली मिळाली आणि एक नवलच झालं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर इतकी वर्षं सांगत होते, खुबा बदलता येईल, फुकट होईल, पण नंतर जाणार कुठे? पुलाखाली धुळीत टाके पिकतील. आता कारभारीला जायला जागा होती. ऑपरेशन झालं. सोपान भेटीची वेळ टळून गेल्यावर डबा घेऊन जायचा, खाकी डगल्यात. फौजदाराला वॉचमन अडवत नाही. पुढे बरेच आठवडे कुबड्या, मग काठी, मग फिजिओथेरपीच्या पोरीची बोलणी. तोवर दुकानापर्यंत चालत जाऊन पैसे घेता येईनात; गाठीला होतं ते रिक्षात, अंड्यांत आणि भाड्यात संपलं. आणि दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी कारभारी काठी कोपऱ्यात ठेवून सरळ चालत मुथाशेठच्या किराणा दुकानात गेला.

डबी म्हणाली, "नमस्कार. आपली ओळख पटली नाही."

कारभारी मागे गेला, पुन्हा आला.

"नमस्कार. आपली ओळख पटली नाही."

मुथाशेठ गल्ल्यावरून म्हणाले, "कारभारी, आत्ता मला ओळख पटून काय उपयोग? पैसे ती देते."

ऋजुता धावत आली. तिने त्याला सरळ चालताना पाहिलं आणि तिचे डोळेच भरून आले. मग पडद्याकडे पाहिलं आणि चेहरा उतरला.

"काका, तुम्ही तुम्ही आहात, हे मला ठाऊक आहे."

"मग झालं की."

"यंत्राला नाही. हळूहळू बदलला असतात तर चाललं असतं. तुम्ही एकदम बरे झालात." तिलाच ते वाक्य विचित्र वाटलं. "नवा ठसा घ्यायला जुन्याशी काहीतरी जुळायला हवं. नाहीतर उद्या कोणीही येऊन म्हणेल, मीच कारभारी. समितीपुढे ठेवते. समिती दिवाळीनंतर बसेल."

"दिवाळीनंतर," कारभारी म्हणाला.

त्याला दिवाळी हवी होती. खरं म्हणजे दिवाळीतला एकच दिवस. सिन्नरला त्याची धाकटी बहीण होती, मंदा. पडल्यापासून तो तिच्याकडे गेला नव्हता. कुणाच्या तरी फोनवरून कळवायचा, "मी सुरतेला आहे, कंपनीत. सुट्टी नाय." पडल्याचंही सांगितलं नव्हतं. ज्या बाईला ओवाळायला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. मंदा भाऊ असून चंद्राला ओवाळायची. चंद्र ताटात काही टाकत नाही, पण वेळेवर येतो. दवाखान्यातून कारभारीने तिला सांगून टाकलं होतं, "मंदे, यंदा येतोच." ती म्हणाली होती, "पाट धुऊन ठेवते."

"बहीण काय ओवाळणीसाठी बोलवती व्हय?" सोपान म्हणाला. "जा तसाच."

"तिचं काही म्हणणं नसंल. पण ताटात काही पडलं नाही, की ते सगळ्या घराला ऐकू येतं."

सोपानने डोकं खाजवलं. "मग लंगड."

"आँ?"

"यंत्राला तुझं जुनं सोंग पाहिजे. पैसा तुझा, चाल तुझी. तूच तुझं सोंग घे. त्यात चोरी कसली?"

खोलीमागच्या बोळात तालीम सुरू झाली. कारभारी उजवा पाय ओढून चालला. सोपानने कपाळावर हात मारून घेतला.

"आरं भो, तू लंगड्यासारखा लंगडतोय! लंगडा माणूस कधी लंगडत नसतो. तो बिचारा सरळ चालायला बघत असतो. तसं कर. सरळ चाल, आणि चुकव."

कारभारीने सरळ चालायचा प्रयत्न केला आणि दुर्दैवाने तो सरळच चालला. नवा खुबा उत्तम बसला होता.

पाडव्याला दुपारी त्याने सोपानला घेऊन मुथाशेठच्या दुकानात जाऊन बघितलं. डबी म्हणाली, "कृपया आपल्या नेहमीच्या चालीने चाला." हीही ऋजुताचीच करामत. नैसर्गिक चालीत लक्ष नसतं, म्हणून तिच्यात एक सैल बेशिस्त असते. नक्कल करणाऱ्याचं लक्ष पायात असतं, म्हणून त्याची चाल कवायतीसारखी एकसारखी पडते. यंत्र ती बेशिस्त शोधत असे.

कारभारी पायरीवर बसला. "माझं सोंग मलाच येत नाय, सोपान."

सोपान उभाच होता. त्याने डोळे मिटले. खाकी डगला काढून पायरीवर ठेवला. एक खांदा किंचित उतरवला. मग दुकानासमोरच्या बोळाच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून चालत आला.

मुथाशेठ नोटा मोजायचे थांबले. बोळातून कारभारी येत होता. पुलाखालचा, जुना. ओठ घट्ट मिटलेले, डावा हात मांडीवर टेकायला जायचा आणि लोक बघतील म्हणून मागे यायचा. थोडी पावलं टाकून तो किंचित थांबला, उजवीकडे वळून मागे पाहिलं, पुन्हा निघाला.

"राम राम, कारभारी!" डबी म्हणाली.

पायरीवरचा कारभारी आणि गल्ल्यावरचे मुथाशेठ एकमेकांकडे बघत राहिले.

"यंत्र म्हणतंय हा कारभारी," शेवटी मुथाशेठ म्हणाले. "मी कोण बोलणारा?" आणि त्यांनी पैसे सोपानच्या हातात ठेवले.

सोपानने सोंग मोडलं नाही. पैसे मुठीत धरून तसाच लंगडत, मागे न बघता, बोळाच्या वळणावरून दिसेनासा झाला.

कारभारी थांबला. पणत्या लागायला लागल्या. कुणाच्या तरी दारात फटाक्यांची माळ तडतडून संपली.

"गेला तुझा पैसा," मुथाशेठ म्हणाले. "त्याला आता दर महिन्याला मिळेल. ठसा त्याच्या पायात आहे."

"येईल तो."

"कशावरून?"

पायरीवर सोपानचा डगला पडला होता. कारभारीने तो उगीचच घडी करून मांडीवर घेतला.

दुकानातला फोन वाजला. ऋजुता होती, आनंदाने ओरडत. "मुथाशेठ! कारभारीकाका चालले ना? माझ्या पडद्यावर आलं! द्या त्यांना!"

कारभारीने फोन घेतला. त्याला खोटं बोलता येत होतं, सुरतेचं तर पाठ होतं. पण ही पोरगी त्याला सरळ चालताना बघून रडली होती. "ताई, मी नाही चाललो," तो म्हणाला. "सोपान चालला. माझ्यासारखा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"काका," मग ती हळू म्हणाली, "पैशांचं काय केलं हे न विचारण्याचा आमचा नियम आहे. ते कुणाच्या पायांनी आणले, हे विचारायचं असा नियम कुठे लिहिलेला दिसत नाही. शुभ दीपावली." आणि तिने फोन ठेवला.

तेवढ्यात वळणावर सोपान दिसला. अजून लंगडतच होता.

"मोड की आता सोंग," कारभारी ओरडला. "यंत्राला मिळालं काय मिळायचं ते!"

"मोडत नाय रे." सोपान येऊन पायरीवर धपकन बसला. त्याचा चेहरा ओला होता. "वळणावर गेलो, म्हणलं मोडावं, तर मोडंना. आत शिरलो ना तुझ्या पार. हितं, खुब्याच्या आत, काच फुटून रुतल्यागत." त्याने मूठ उघडून पैसे कारभारीच्या मांडीवरच्या डगल्यावर ठेवले. "रोज? रोज असं व्हायचं?"

"सवय होती."

"आणि मी तुला पाण्याला पाठवायचो."

सोपानने डगल्याच्या बाहीला नाक पुसलं. डगला त्याचाच होता, तरी कारभारी म्हणाला, "आत्ताच घडी घातली होती."

भाऊबीजेला दोघं सिन्नरला गेले. सोपान रिकामा बसू नये म्हणून कारभारीने त्याला मिठाईचा पुडा धरायला दिला होता. रस्ता संपायच्या आत पुड्याचं वजन थोडं कमी झालं.

मंदाचं घर गल्लीच्या पार टोकाला. संध्याकाळ उतरली होती, मागच्या आकाशकंदिलाचा उजेड दोघांच्या पाठीवर होता, तोंडं अंधारात. मंदा ओट्यावर रांगोळी काढत होती. तिने मान वर केली, गल्लीच्या त्या टोकाकडे पाहिलं, आणि हातातली रांगोळी तशीच सांडून उठली.

"दादा!"

"एवढ्या लांबून ओळखलंस?" जवळ आल्यावर कारभारीने विचारलं.

"तू अजून तसाच थांबतोस ना मधे मधे, मागे बघत," मंदा म्हणाली. "शाळेत जाताना मी मागे राहायचे. माझे पाय छोटे. तू चार पावलं टाकायचास, थांबायचास, बघायचास मंदी आली का. उजव्या बाजूला असायचे मी, ओढ्यापासून लांब, आतल्या अंगाला. मी सासरी आले, केस पिकले, आणि तू अजून थांबतोसच."

कारभारी तिच्याकडे बघतच राहिला. उन्हात, लंगडताना, पुलाखाली, कुबड्यांवर, तो इतकी वर्षं कुणासाठी थांबत होता, हे त्याला आत्ता कळलं.

पाटाभोवती रांगोळी होती. तो बसला. मंदाने टिळा लावला, अक्षता लावल्या, अंगठी-सुपारीने ओवाळलं, निरांजन फिरवलं. त्याने ताटात नोटा ठेवल्या. मंदाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"इतकी वर्षं का आला नाहीस, दादा?"

"सुट्टी नव्हती. सुरतेला कंपनी—"

"दादा."

कारभारीने मान खाली घातली. भिंतीशी बसलेला सोपान उठला. त्याने पुडा खाली ठेवला, एक खांदा किंचित उतरवला, आणि काही न बोलता त्या छोट्याशा खोलीत दारापासून देव्हाऱ्यापर्यंत चालला. ओठ मिटून. मांडीकडे जाणारा हात मागे घेत. थोडी पावलं टाकून थांबला, वळून मागे पाहिलं, पुन्हा निघाला.

मंदाच्या हातातलं ताट हललं. ज्योत वाकली, पण विझली नाही.

"असा चालायचा, ताई," सोपान म्हणाला. "आता नाय. आता बरा हाय."

मंदाने ताट खाली ठेवलं आणि भावाच्या गुडघ्यावर डोकं टेकून ती लहान मुलीसारखी रडली. मग उठली, डोळे पुसले, दुसरा पाट मांडला.

"या, बसा."

सोपान दचकला. "माझ्याकडं टाकायला काय नाय, ताई."

"तुम्ही टाकलंत आत्ता," ती म्हणाली. "बसा मुकाट. आणि पेढे कुणी खाल्ले, ते मी विचारत नाही."

दिवाळीनंतर समिती बसली, पण तिच्यापुढे काही उरलं नव्हतं. कारभारीने थांबण्याची हकीकत सांगितली, तेव्हा ऋजुताने जुनी नक्षी आणि नवी नक्षी एकावर एक ठेवून फक्त तेवढंच पाहिलं. पावलं वेगळी होती, झोल वेगळा होता, खुबा तर लोखंडाचा होता. पण थांबणं आणि उजवीकडे वळणं तंतोतंत तेच. तिने यंत्राला सांगितलं, की माणूस कसा चालतो एवढंच बघू नकोस, तो कुणासाठी थांबतो तेही बघ. अर्थात हे तिने यंत्राला आकड्यांत सांगितलं.

मग तिने सोपानला पुन्हा पट्ट्यावर उभं केलं. तो तीनदा चालला. फौजदार, बाई, वरबाप. सवयीला इलाज नव्हता. पण पडद्यावर ऋजुताला काहीतरी दिसलं. फौजदार मधेच थांबला होता. बाईही. रुसलेला वरबापसुद्धा. तिघंही थोड्या पावलांनी थांबून, वळून मागे बघत होते, कुणी राहिलं का ते.

"हे कारभारीकाकांचं आहे," ती म्हणाली. मग नीट पाहिलं. "नाही. काका उजवीकडे वळतात. तुम्ही डावीकडे."

"कारभारी डाव्या अंगाला असतो ना माझ्या," सोपान म्हणाला, यात न कळण्यासारखं काय, अशा सुरात.

दुसऱ्या दिवशी तो पाण्याचा कॅन घेऊन निघाला. पाळी त्याची होती. वाटेत मुथाशेठच्या दुकानाशी वळला, उंबऱ्यापाशी आला.

"राम राम, सोपान!" डबी म्हणाली.

सोपानने मागे वळून पाहिलं, कुणाला हाक मारली ते.